वेगवान इंजिनाला साखळी कोणती?

सांगली-साताऱ्याकडे कृष्णेच्या काठावर उसाला पाणी देण्यासाठी पूर्वी डिझेलची इंजिने सर्रास दिसत. विजेच्या मोटारी आल्या आणि ती मागे पडली; पण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्यांचा तो संथ ‘टुक् टुक्’ आवाज अजून त्यांच्या कानांत असेल. सातारच्या कूपर कारखान्यातही डिझेल इंजिने तयार होत. शेतावरचे असे मंदगती इंजिन मिनिटाला साधारण ६५० फेरे घेई. आता वाईहून पसरणी घाटाने पाचगणीकडे चढणारी एखादी वेगवान मोटार डोळ्यांपुढे आणा. खालच्या गिअरमध्ये तिचे इंजिन मिनिटाला ६,५०० फेऱ्यांपर्यंत सहज जाते. म्हणजे वेग दहापट झाला. मग झडपांसारख्या मागेपुढे हलणाऱ्या भागांवरील जडत्वाचे बल किती पट वाढेल? दहापट नव्हे, शंभरपट. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आजचा आपला सगळा विषय या एका वर्गाभोवती फिरणार आहे.

चार धावांच्या इंजिनात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, तेव्हा प्रत्येक झडप एकदाच उघडते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. क्रँकशाफ्टवर १९ दातांचे चाक आणि कॅमशाफ्टवर ३८ दातांचे चाक बसवून दोन्हींवर एक साखळी चढवली की हे काम होते. हीच टायमिंग चेन. मंदगती डिझेल इंजिनात तिच्या जागी एकमेकांत अडकलेली दंतचक्रे असत. पद्मिनी आणि अँबॅसिडर या गाड्यांत साखळी होती, मारुती ८०० मध्ये दातेरी पट्टा आला, आणि त्याच कंपनीच्या नंतरच्या ‘के’ मालिकेतील इंजिनांत पुन्हा साखळी आली.

समजा, सांगलीच्या एका गॅरेजात अशी एक गाडी उभी आहे. मालकाने हौसेने इंजिनाची ताकद वाढवून घेतली आहे: कॅम अधिक उंचीचे, झडपांच्या स्प्रिंगा अधिक कडक. जुनी साखळी खुळखुळते आहे. दुकानदाराने पुढ्यात दोन साखळ्या ठेवल्या आहेत, एक एकेरी आणि एक दुहेरी. कोणती घ्यावी? ‘जाड ती मजबूत’ असे पटकन म्हणावेसे वाटते. पण जरा थांबू या आणि हिशोब करू या.

साखळीच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचे अंतर म्हणजे पिच. आपल्या साखळीचा पिच पाऊण इंचाच्या निम्मा, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर आहे. क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात १९ कड्या सरकतात, म्हणजे १८१ मिलिमीटर. मिनिटाला ६,५०० फेरे असतील तर साखळीचा वेग सेकंदाला १९.६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर होतो! बोनेटच्या आतल्या आत ही साखळी पुणे-बंगळूर रस्त्यावरील मालमोटारीच्या वेगाने धावत असते. चाकाभोवती वळताना ती बाहेर फेकली जाऊ पाहते आणि त्यामुळे स्वतःलाच ताणते. हा ताण म्हणजे मीटरमागचे वजन गुणिले वेगाचा वर्ग. एकेरी साखळीचे वजन मीटरला सुमारे ०.४ किलो धरले, तर ताण १५४ न्यूटन येतो. दुहेरीचे वजन जवळजवळ दुप्पट, म्हणून ताणही जवळजवळ दुप्पट.

घाबरण्यासारखे काही नाही. या मापाची चांगली एकेरी साखळी तुटण्यासाठी सुमारे ८,९०० न्यूटन बल लागते. म्हणजे ओढून तुटण्याची भीती जवळजवळ नाहीच. मग साखळी बाद कशाने होते? झिजेने.

फिटर मंडळी म्हणतात, ‘चेन लांबली’. शब्द चुकीचा नाही, पण त्यावरून रबरासारखे काही ताणले गेले असा समज होतो. कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात एक पिन एका बुशामध्ये फिरत असते; चाकावर चढताना एकदा वळते, उतरताना पुन्हा सरळ होते. घासून घासून पिन बारीक होते, बुश मोठा होतो आणि प्रत्येक पिचमध्ये केसाएवढी भर पडते. बुश आणि त्यावर फिरणारा रोलर असलेली ही साखळी हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला तयार केली. तुमच्या सायकलीतही तीच आहे.

सायकलीवर एक प्रयोग करा. सायकलच्या साखळीचा पिच अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतो. साखळी ताणून धरून २४ पिचचे अंतर मोजपट्टीने मोजा. नव्या साखळीत ते ३०४.८ मिलिमीटर भरेल. ३०७ भरले, तर साखळी सुमारे ०.७ टक्के झिजली. सायकलीवर तेवढ्याने फारसे बिघडत नाही, पण इंजिनात बिघडते. किती, ते पाहा. क्रँक आणि कॅम यांच्यामधल्या ताणलेल्या बाजूला सुमारे २० कड्या आहेत. प्रत्येक सांधा फक्त ०.०५ मिलिमीटर झिजला, तर ती बाजू १ मिलिमीटरने वाढते. कॅमच्या चाकाचा परीघ ३८ गुणिले ९.५२५, म्हणजे ३६२ मिलिमीटर. वर्तुळाचे अंश ३६०. म्हणून १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ बरोबर १ अंश! कॅम १ अंश मागे पडला, की क्रँकच्या मानाने झडपा २ अंश उशिरा हलतात. गाडी घाटात दम टाकू लागते, आणि मालक बिचारा कार्बुरेटर साफ करून घेतो.

साखळी फार सैल होऊन एक दात जरी उडाला, तरी क्रँकच्या मापाने एकदम १९ अंशांची चूक होते. ज्या इंजिनात झडपा आणि दट्ट्या एकाच जागेत आळीपाळीने येतात, तेथे दोन-तीन दात उडाले तर दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो. झडप वाकते, कधी दट्ट्याला भोक पडते. साखळीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च एका सेकंदात होतो. आणि हे घाटाच्या वळणावर घडले तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

आता दुकानातील दोन साखळ्यांकडे परत येऊ. स्प्रिंगा कडक, म्हणजे पिनेवरचा दाब अधिक. दुहेरी साखळीत तोच भार दोन ओळींत वाटला जातो, दाब जवळपास निम्मा होतो आणि झीज मंदावते. दुहेरीचा खरा फायदा हा आहे. तुटण्याचा संबंध थोडा. तोटे म्हणजे फिरवायचे वजन वाढते आणि जागा अधिक लागते. दुहेरी साखळीला दोन्ही चाके दुहेरीच हवीत, आणि पुढच्या झाकणाला ती घासता कामा नये. माझे मत विचाराल तर, त्या इंजिनासाठीच बनवलेला चाकांसहित पूर्ण संच मिळत असेल तर दुहेरी घ्यावी. मिळत नसेल, तर उत्तम प्रतीची एकेरी घालून ती लवकर बदलावी. पिनांचा पृष्ठभाग कठीण केलेला आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून विनानावाची स्वस्त साखळी येथे नकोच.

जुन्या चाकांवर नवी साखळी चढवणे ही काटकसर महागात पडते. झिजलेले दात नव्या साखळीलाही झिजवतात. सैल बाजूला टेकणारा ताणक, म्हणजे टेन्शनर, आणि त्याच्या घसरपट्ट्याही बरोबरच बदलाव्यात. तेल वेळेवर बदलणे तर हवेच. काजळीने भरलेले तेल सांध्यांत पॉलिश कागदासारखे काम करते.

साखळीचा तिसरा एक प्रकार आहे. त्यात रोलर नसतात, दातेरी पट्ट्या चाकाच्या दातांत बसतात. ती आवाज कमी करते. पण तिची चाके वेगळी असल्याने तिची अदलाबदल करता येत नाही. आवाजाचे मूळही मोठे मजेदार आहे. साखळी चाकाभोवती वर्तुळात वळत नाही, बहुभुजाकृतीत वळते. त्यामुळे चाक एकसारखे फिरले तरी साखळीचा वेग किंचित कमीजास्त होत राहतो. १९ दातांच्या चाकावर हा फरक १.४ टक्के येतो, १० दातांवर जवळजवळ ५ टक्के. म्हणूनच नव्या इंजिनांत ८ मिलिमीटर किंवा त्याहून लहान पिचच्या साखळ्या दिसतात: त्याच आकाराच्या चाकावर दात अधिक बसतात.

ताकद वाढवताना पुष्कळदा इंजिनाचे हेड तासतात. कॅमशाफ्ट हेडमध्येच असेल, तर १ मिलिमीटर तासल्यावर तो तेवढाच खाली येतो आणि साखळी न झिजताही कॅम पुन्हा १ अंश मागे पडतो. अशा इंजिनाला खाचा सरकवून जुळवता येणारे कॅमचाक घ्यावे लागते.

साखळी बसवताना तिच्यावरच्या रंगीत कड्या चाकांवरील खुणांशी जुळवतात. मग स्टार्टर न लावता, पान्याने क्रँकशाफ्ट हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतात. चाकांवरच्या खुणा पुन्हा जागेवर येतात, पण रंगीत कड्या मात्र भलतीकडेच गेलेल्या असतात, आणि नवशिका फिटर घाबरतो! यात चूक काही नसते. साखळीत ७० कड्या असतील, तर १९, ३८ आणि ७० यांचा लसावि काढा. तो १,३३० येतो. म्हणजे रंगीत कडी जुन्या जागी यायला क्रँकशाफ्टचे ७० फेरे लागतील. दोन फेऱ्यांत पाहायचे ते एवढेच, की चाकांच्या खुणा जुळतात आणि पाना मध्येच कुठे अडत नाही. अडला तर जोर न लावता साखळी उतरवून पुन्हा पहिल्यापासून बसवायची.