काम बाहेर देता येतं, जबाबदारी नाही: इंग्लंडच्या काउन्सिलांकडून कंत्राटाचा धडा



आउटसोर्सिंग म्हटलं की बहुतेकांना कॉल सेंटर आठवतं. आज वेगळं उदाहरण घेऊ. इंग्लंडमधल्या काउन्सिल, म्हणजे तिथल्या महापालिका-जिल्हा परिषदांसारख्या संस्था, आजारी आणि वृद्ध लोकांच्या घरी लागणारं साहित्य पुरवतात. हे काम बऱ्याच ठिकाणी खासगी कंपन्या करतात. एखाद्या मोठ्या संस्थेचं कंत्राट मिळवायचं तुमच्या मनात असेल, तर यातला हिशोब नीट समजून घ्या.

सेवा नेमकी काय आहे?

कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाला अर्धांगवायू झालाय, कुणी वयामुळे उठू शकत नाही. अशा माणसाला घरी हॉस्पिटलसारखा बेड, कमोड खुर्ची, वॉकर, एअर मॅट्रेस किंवा माणूस उचलायचा होइस्ट लागतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा नर्स गरज तपासून साहित्य लिहून देतात. केअर ॲक्ट 2014 खालच्या नियमांप्रमाणे, गरज मान्य झाली की असं साहित्य मोफत मिळतं; 1,000 पौंडांची मर्यादा आहे ती घरात करायच्या छोट्या बदलांना. बेड, होइस्टसारखं साहित्य वापरायला दिलेलं असतं. गरज संपली की ते परत न्यायचं, धुऊन निर्जंतुक करायचं, तपासायचं आणि पुढच्या माणसाला द्यायचं.

यासाठी गोडाऊन, गाड्या, फिटर, धुलाईची व्यवस्था आणि सॉफ्टवेअर लागतं. हे सगळं एकेका काउन्सिलने उभं करणं महाग पडतं. म्हणून काउन्सिल टेंडर काढतात, कधी चार-पाच जणी मिळूनसुद्धा.

पैसा कुठे अडकतो?

बऱ्याच कंत्राटांत क्रेडिट पद्धत असते. समजा (आकडे फक्त समजण्यासाठी) एक खुर्ची काउन्सिलला 100 पौंडांना दिली. ती चांगल्या स्थितीत परत आली की काउन्सिलच्या खात्यात 70 पौंड जमा करायचे. म्हणजे काउन्सिलला ती 30 पौंडांत पडली. डिलिव्हरी आणि परत आणण्याचे पैसे वेगळे.

आता पुरवठादाराच्या बाजूने बघा. एका महिन्यात 100 खुर्च्या गेल्या, तर 10,000 पौंडांचं बिल झालं. त्याच महिन्यात जुन्या 80 परत आल्या, म्हणजे 5,600 पौंडांचं क्रेडिट द्यायचं. त्या 80 खुर्च्या लगेच पुन्हा गेल्या तर उत्तम. पण मागणी दुसऱ्याच मापाची आली तर? जुना माल गोडाऊनमध्ये पडून राहतो आणि नवा माल रोखीने घ्यावा लागतो. कागदावर नफा दिसतो, पण पगाराच्या दिवशी बँकेत पैसे नसतात.

शिवाय दर ठरवताना सुटणारे खर्च असतातच. तिथल्या 1998 च्या नियमांनुसार माणूस उचलणाऱ्या होइस्टची दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करावी लागते. असे खर्च टेंडरच्या दरात धरले नाहीत, तर प्रत्येक होइस्ट तुमच्या खिशातून पैसे नेतो.

पुरवठादारच बंद पडला तर?

हे खरोखर घडलं. या क्षेत्रातली मोठी कंपनी एनआरएस हेल्थकेअर 1 ऑगस्ट 2025 ला न्यायालयाच्या आदेशाने लिक्विडेशनमध्ये गेली. तिच्याकडे डझनावारी काउन्सिलांचं काम होतं, लंडनमधल्या अनेक बरोंचंसुद्धा. अनेक काउन्सिलांना घाईघाईने दुसरा पुरवठादार शोधावा लागला. कारण बेड घरी पोचला नाही तर बरा झालेला पेशंटही हॉस्पिटलमध्येच अडकतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. केअर ॲक्टमध्येच लिहिलंय की काउन्सिलने काम दुसऱ्याला सोपवलं, तरी त्याने केलेलं किंवा न केलेलं काम हे काउन्सिलनेच केल्यासारखं धरलं जातं. म्हणजे कंपनी बुडाली म्हणून आजीबाईंना "थांबा" म्हणता येत नाही.

आपण काय शिकायचं?

तुम्ही काम बाहेर देत असाल, डिलिव्हरी असो की पॅकिंग, तर:

1. दुसऱ्या पुरवठादाराचा नंबर आणि दर आधीच हाताशी ठेवा.
2. माल कुणाचा, कुठे आणि किती, ही यादी तुमच्याकडेही हवी. फक्त त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असून चालणार नाही.
3. सर्वात कमी दर आला तर आनंद मानण्याआधी विचारा, "या दरात तुला परवडतं कसं?"

तुम्ही काम घेत असाल, तर:

1. परत येणाऱ्या वस्तूचा खर्च वेगळा मांडा: आणणं, धुणं, दुरुस्ती, साठवण.
2. एकाच ग्राहकावर दुकान उभं करू नका. तो गेला तर किती महिने तग धराल, ते लिहून काढा.
3. पेमेंटची मुदत लेखी घ्या. आपल्याकडे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला किंवा सेवा देणाऱ्याला 2006 च्या एमएसएमई कायद्याचा आधार आहे. लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त नसते, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. नुसता व्यापार करणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे नोंदणी करताना आपलं काम नेमकं कशात बसतं ते तपासा.

आपल्या गावातही व्हीलचेअर, बेड, वॉकर भाड्याने देणारी दुकानं आणि रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था आहेत. या धंद्यात उतरायचं असेल तर आजचा गृहपाठ: एक बेड निवडा. खरेदी, पोचवणं, परत आणणं, सफाई, दुरुस्ती आणि रिकामे पडलेले दिवस, या सहा ओळी लिहा आणि मग भाडं ठरवा. सहावी ओळ बहुतेक जण लिहीतच नाहीत. तुम्ही लिहा.