बर्फावरील कर्णधार : सँड्रा श्मर्लर

बर्फाच्या पट्ट्यावरून सुमारे २० किलो वजनाचा ग्रॅनाइटचा दगड सरकवून पलीकडच्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवायचा, हा कर्लिंगचा खेळ. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला हा खेळ कॅनडात गावोगावी रुजला. चौघांच्या संघात एक जण दगड सोडतो आणि दोघे दगडापुढील बर्फ ब्रशने घासतात. त्यामुळे दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. दगडाची दिशा व वेग कर्णधार ठरवतो. संघाचे शेवटचे दोन दगडही बहुधा तोच सोडतो.

सँड्रा श्मर्लर यांचा जन्म ११ जून १९६३ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील बिगार या लहान गावी झाला. जॅन बेटकर, जोन मॅककस्कर व मार्सिया गुडराइट या सहकाऱ्यांसह त्यांनी १९९३, १९९४ आणि १९९७ मध्ये राष्ट्रीय व जागतिक अजिंक्यपदे मिळवली. या चौघी नोकरी व संसार सांभाळून खेळत.

सप्टेंबर १९९७ मध्ये सँड्रा यांना पहिली मुलगी झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रँडन येथे ऑलिंपिक निवड स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांचा दगड मध्याजवळ होता आणि सरळ वाट बंद होती. सँड्रा यांनी आपला दगड बाजूच्या दगडावर आदळवून आत वळवला, प्रतिस्पर्ध्यांचा दगड बाहेर काढला आणि एकदम तीन गुण मिळवले. पुढे फेब्रुवारी १९९८ मध्ये नागानो येथे महिलांच्या कर्लिंगला ऑलिंपिकमध्ये प्रथमच पदकाचा मान मिळाला. डेन्मार्कला ७-५ असे नमवून या संघाने पहिले सुवर्णपदक पटकावले.

१९९९ मध्ये दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर त्यांना कर्करोग झाल्याचे निदान झाले. आजारपणातही त्या पत्रकारांसमोर आल्या. सामना हरणे म्हणजे सर्वस्व गमावणे नव्हे, हे आपल्याला आता उमगले, असे त्यांनी सांगितले. २ मार्च २००० रोजी, अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ २००१ मध्ये स्थापन झालेली संस्था आजारी व अपुऱ्या दिवसांच्या नवजात बालकांच्या उपचारांसाठी रुग्णालयांना साहाय्य करते. विजयाची वाट सहकाऱ्यांच्या साथीने तयार होते, हे जाणणाऱ्या कर्णधाराचे हे यथोचित स्मारक होय.

पाठगत प्रश्न
१. बर्फ घासल्याने दगडाच्या गतीत कोणता फरक पडतो?
२. ब्रँडन येथील सामन्यात सँड्रा यांनी अडचणीतून कसा मार्ग काढला?
३. ‘सामना हरणे म्हणजे सर्वस्व गमावणे नव्हे’ या विचारावर तुमचे मत पाच-सहा ओळींत लिहा.