इलेक्ट्रोफोरेसिस : एका लांब शब्दाचा धडा

सिल्वासा व भोवतालच्या पाड्यांतील वारली, धोडिया, कोकणा आदी समाजांत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या तपासणीच्या कागदावर कधी कधी ‘हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस’ असे लिहिलेले असते. दुसऱ्या शब्दाशी पुष्कळांची जीभ अडखळते. आणि ज्या शब्दाचा उच्चार येत नाही, त्याविषयी डॉक्टरांना विचारण्यास माणूस कचरतो. म्हणून हा एकच शब्द आपण फोडून पाहू.

प्रथम अवयव पाडू. लिहिताना ‘क्ट्रो’ हे एक जोडाक्षर दिसते. परंतु ‘शब्द’ आपण ‘शब्-द’ असा उच्चारतो. जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागे चिकटते. म्हणूनच वृत्तात जोडाक्षरामागील ऱ्हस्व अक्षर गुरू धरतात. तोच नियम येथे लावू : इ-लेक्-ट्रो-फ-री-सिस. सहा अवयव झाले.

दुसरी गोष्ट आघाताची. मराठीत आपण अक्षरांवर बहुधा सारखाच जोर देतो. इंग्रजीत मुख्य जोर एका अवयवावर असतो. येथे तो ‘री’वर आहे. त्यामुळे ‘फो’ आखडून ‘फ’ होतो व ‘रे’च्या जागी दीर्घ ‘री’ ऐकू येते. लेखनात मात्र रूढ ‘फोरेसिस’च ठेवावे. पाठ करताना शेवटाकडून मागे यावे : री-सिस, फ-री-सिस, ट्रो-फ-री-सिस, मग सबंध शब्द.

आता अर्थ. ग्रीक भाषेत ‘इलेक्ट्रॉन’ म्हणजे तृणमणी. तो घासला की कस्पटे ओढतो. त्यावरून विजेला इंग्रजीत नाव मिळाले. ‘फोरेसिस’ म्हणजे वाहून नेणे. रक्तातील हिमोग्लोबिन ओलसर पट्टीवर ठेवून वीज सोडली की नेहमीचे ‘ए’ पुढे सरकते, सिकलचे ‘एस’ मागे राहते. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसनेच दोहोंतील भेद दाखविला.

अहवालात ‘ए’ अधिक व ‘एस’ कमी असेल, तर ती व्यक्ती सामान्यतः वाहक असते, रोगी नव्हे. ‘ए’ मुळीच नसून ‘एस’च मुख्य असेल, तर उपचार अवश्य हवा. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारात एक असतो. तेव्हा सोयरीक जुळविण्यापूर्वीच दोन्हीकडचे कागद पाहावेत, शब्द मोठ्याने वाचावा, आणि डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : “यात ‘ए’ किती आणि ‘एस’ किती?”