निराश्रित कुत्रा आणि त्यास योग्य घर

शेतकऱ्यास बैल घ्यावयाचा झाला म्हणजे तो चार बाजार हिंडतो, दात पाहतो, खांदा चाचपतो, शक्य तर औतास जुंपूनही पाहतो. कुत्रा मात्र फुकट मिळतो, म्हणून त्याच्याविषयी कोणी दोन प्रश्नही विचारीत नाही. 'बिचारा आहे, घेऊन जा' असे एकाने म्हणावे व दुसऱ्याने दोरी धरून चालू लागावे, एवढ्यात व्यवहार पुरा होतो. आम्हीही असा एक व्यवहार केला आणि त्याचे फळ एका लहान मुलास भोगावे लागले. तो प्रसंग व त्यापासून मिळालेला धडा वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्नाचे स्वरूप

आमचे शहाड हे अर्धे शहर व अर्धे खेडे असे ठिकाण आहे. एका बाजूस लोहमार्ग, रेयॉनचा कारखाना आणि उल्हासनगरची दाट वस्ती. दुसऱ्या बाजूस उल्हास नदी. आणि मुरबाड रस्त्याने पुढे गेले की म्हारळ, वरप, कांबा ही गावे. जेथे पूर्वी भाताची खाचरे होती तेथे आज इमारती उभ्या आहेत. वाडी मोडून कुटुंब तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेले म्हणजे राखणीचा कुत्रा पुष्कळदा खालीच राहतो. निराश्रित कुत्रे सर्वच रस्त्यावर जन्मतात असे नाही. काही आपणच निराश्रित केलेले असतात.

हा प्रश्न जुना आहे. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्रे मारण्याचा हुकूम कडकपणे चालविला, तेव्हा पारशी समाजाने त्याविरुद्ध मोठा दंगा केला होता. पुढे मारण्याने संख्या घटत नाही हे अनुभवास आले, आणि २००१ साली केंद्र सरकारने कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम केले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. शस्त्रक्रिया करावी, लस टोचावी व कुत्रा जेथून धरला तेथेच सोडावा, हे त्यांचे मुख्य सूत्र होय. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात असेही सांगितले की, ज्यांस कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी महानगरपालिकेकडे अर्ज करावा, परंतु तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच राहील. या शेवटच्या अटीतच सर्व मर्म आहे. घर देणे सोपे आहे. ते घर टिकणे कठीण आहे.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी स्टेशनाजवळ एक पांढरा, काळ्या कानाचा तरुण कुत्रा वाहनाच्या धक्क्याने लंगडा होऊन पडला होता. आम्ही त्यास घरी आणून औषधपाणी केले. दोन महिन्यांत तो धावू लागला. आमच्या नात्यातील एका जोडप्यास तो फार आवडला. उभयता नोकरीस जाणारे, घर चौथ्या मजल्यावर, मूल चार वर्षांचे. कुत्रा देखणा होता व माणसे भली होती. एवढे पाहून आम्ही तो देऊन टाकला.

तो दिवसाचे दहा तास एकटा कोंडला जाई. तो भुंके, दार ओरबाडी. शेजारी तक्रार करीत. रस्त्यावर वाढल्यामुळे अन्नाजवळ कोणी आले की तो गुरगुरे. गुरगुरला की त्यास मार बसे, म्हणून पुढे त्याने गुरगुरणे सोडले. सूचना देणे बंद झाले, भीती मात्र तशीच राहिली. एके सायंकाळी मुलाने त्याच्या ताटलीस हात लावला आणि त्याने मुलाच्या हाताचा चावा घेतला. जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन मुलास त्याच दिवशी इस्पितळात नेले. सुयांचा सर्व क्रम पुरा केला. मूल बरे झाले; पण कुत्र्याचे नाव काढले की ते आजही आईस बिलगते. नात्यात पडलेले अंतरही अद्याप पुरते भरलेले नाही.

कुत्रा आमच्याकडे परत आला. नंतर तो कांब्यापलीकडील एका वृद्ध शेतकरी दांपत्याकडे गेला. घरात लहान मूल नाही, दिवसभर माणसांची सोबत, हिंडावयास मोकळा मळा. तेथील बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हांस विचारले, "भाऊसाहेब, हा जेवताना कोणी जवळ गेलेले सोसतो का?" हा प्रश्न आम्हांस पूर्वी सुचला नव्हता. त्यांनी त्याची ताटली गोठ्यामागे ठेवण्याची रीत पाडली. आज तो तेथेच म्हातारा होत आहे. कुत्रा तोच होता, घर बदलले.

दोन खाती

फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकतीस पंधरा दिवसांची मुदत देण्याची रीत आम्ही नोकरीत आयुष्यभर पाळली. कुत्र्यास लेखी हरकत घेता येत नाही. सबब त्याच्या वतीने चौकशी आपणच केली पाहिजे. आम्ही आता कागदावर दोन खाती मांडतो.

कुत्र्याच्या खात्यात पुढील बाबी येतात. वय किती, पिल्लू असल्यास आठ आठवडे आईजवळ राहिले होते काय, शस्त्रक्रिया व लस झाली काय, अनोळखी माणूस, मूल, कोंबडी, मांजर, फटाके यांपुढे तो कसा वागतो, एकटा राहतो काय, अन्नाजवळ गेल्यास अंग ताठ करतो काय. ही पाहणी एका दिवसात होत नाही. भ्यालेला कुत्रा प्रथम गरीब वाटतो. त्याचा खरा स्वभाव कित्येक दिवसांनी उघड होतो.

घराच्या खात्यात हे लिहावे. घरी दिवसा कोण असते, घरातील सर्वांची संमती आहे काय, मुलांचे वय, घर भाड्याचे की स्वतःचे, गावास गेल्यास कुत्र्यास कोण पाहील, दरवर्षी लशीचा खर्च कोण करील. शेवटचा प्रश्न आम्ही हटकून विचारतो: पूर्वी कुत्रा पाळला असल्यास त्याचे पुढे काय झाले?

कोणास कोणता द्यावा

मळ्याच्या राखणीस धीट, पण कोंबड्यांमागे न लागणारा प्रौढ कुत्रा उत्तम. आवाजाने दचकणारा कुत्रा तेथे देऊ नये. दिवाळीच्या रात्री तो दोरी तोडून पळतो. शेतकरी बंधूंनी आणखी दोन गोष्टी जपाव्यात. उंदरांचे विष व कीटकनाशके उंच जागी बंद ठेवावीत. तसेच भाताच्या चिखलात उंदरांच्या मुत्राने लेप्टोचा रोग पसरतो, तो माणसास होतो तसा कुत्र्यासही होतो. म्हणून पिसाळरोगाच्या लशीबरोबर त्याचीही लस टोचून घ्यावी.

चाळीत किंवा इमारतीत शांत, मध्यम वयाचा, माणसांत वावरलेला कुत्रा शोभतो. वृद्धांस दांडगे पिल्लू देऊ नये. त्यांस पाच-सात वर्षांचा कुत्रा अधिक सुखाचा होतो. ज्या घरी सर्वजण सकाळी जाऊन रात्री येतात, त्यांस नम्रपणे नकार द्यावा. हा नकार देताना संकोच वाटतो. परंतु त्या दिवशी आम्ही संकोच जिंकला असता तर एका मुलाचा हात वाचला असता.

मुदत आणि वचन

जोडी ठरली तरी प्रथम पंधरा दिवस कुत्रा केवळ सांभाळावयास दिला आहे असे समजावे. या काळात पाहुणे जमवू नयेत, मुलास एकटे त्याच्याजवळ सोडू नये, गुरगुरल्यास मारू नये, खाण्याची जागा व वेळ बदलू नये. देणाऱ्याने निदान दोन वेळा घरी जाऊन पाहावे, आणि न जमल्यास कुत्रा परत घेण्याचे वचन द्यावे. असे वचन नसले म्हणजे घेणारा शरमेपोटी रात्री त्यास दूर नेऊन सोडतो, व तो पुन्हा रस्त्यावर येतो.

संत नामदेवांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा ती कोरडी त्याच्या घशास लागेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्यांची दया मोठी होती खरी. पण कुत्र्यास नेमके काय हवे हेही त्यांनी पाहिले. आमच्यापाशी दया होती, पाहणे नव्हते. वाचकांनी पुढील कुत्रा कोणाच्या हाती देण्यापूर्वी ही दोन खाती मांडावीत, इतकी विनंती करून हा लेख पुरा करतो.