अतिसार आणि क्षारांची पुडी

पटकी किंवा तीव्र अतिसार झाला असता रोगी दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. लहान आतड्यात सोडियम व ग्लुकोज यांचे शोषण जोडीने होते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही रक्तात जाते. पटकीतही ही क्रिया चालू राहते. तोंडावाटे द्यावयाचे क्षारद्रावण, म्हणजेच ओआरएस, याच तत्त्वावर आधारलेले आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे द्रावण अपुरे पडू लागताच डॉ. दिलीप महालनबीस यांनी रोग्यांना क्षारद्रावण पाजविले व असंख्य प्राण वाचले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ सालच्या सूत्राप्रमाणे १ लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. साखर याहून फार झाल्यास ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते व जुलाब वाढतात. असे असूनही ओआरएस हे नाव लावून गोड पेये बाजारात विकली जात. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली.

म्हणून खरेदी करताना वेष्टनावरील घटक व त्यांची मापे वाचून पाहावीत, आणि पुडीवर सांगितले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ती संपूर्ण विरघळवावी.