अलिफ आणि वाव

शाळेत आल्यावर तुम्ही पाटीवर पहिले अक्षर कोणते गिरवले? अलिफ! एक उभी रेघ. तिला ना नुक्ता, ना वळण. इतके साधे हे अक्षर. पण सूफी संतांनी याच अक्षराचा फार विचार केला.

अलिफ ताठ उभा असतो. पुढच्या अक्षराला तो जोडला जात नाही. अबजदमध्ये त्याची किंमत १ आहे आणि 'अल्लाह' हे नावही त्यानेच सुरू होते. एकटा, सरळ आणि पहिला! म्हणून सूफींना अलिफमध्ये एकमेव ईश्वराची खूण दिसली. पंजाबचे सूफी कवी बुल्लेशाह यांच्याविषयी एक लोककथा आहे. लहानपणी ते अलिफच्या पुढे शिकेनात. उस्तादांनी त्यांना घरी पाठवले. पुष्कळ दिवसांनी ते परत आले आणि त्यांनी भिंतीवर अलिफ लिहिला. भिंत दुभंगली म्हणे! कथा खरी माना वा मानू नका. एकाच अक्षरात किती मावते, हे तिला सांगायचे आहे.

अलिफला माप दिले ते बगदादचे वजीर इब्न मुक्ला यांनी. कलम टेकवली की चौकोनी नुक्ता उमटतो. असे नुक्ते एकाखाली एक मांडून अलिफची उंची ठरवायची, मग अलिफ हा व्यास धरून वर्तुळ काढायचे आणि बाकीची अक्षरे त्यावरून मापायची. दरबारी राजकारणात त्यांचा उजवा हात तोडला गेला. तरी तुटलेल्या हाताला कलम बांधून ते लिहीत राहिले, असे सांगतात. सन ९४० मध्ये ते कैदेत वारले. ते काही सूफी नव्हते. पण नुक्त्यातून अलिफ आणि अलिफमधून सारी अक्षरे, हा विचार सूफींनाही प्रिय होता.

अक्षरांच्या किमतींतूनही ते अर्थ शोधत. 'अहद' म्हणजे एक, आणि 'अहमद' हे पैगंबरांचे नाव. दोहोंत फरक फक्त एका मीमचा. मीमची किंमत ४०, आणि सूफींचा चिल्लाही चाळीस दिवसांचाच!

हा छंद काहींच्या जिवावरही बेतला. इराणचे फजलुल्लाह अस्तराबादी म्हणत, की माणसाच्या चेहऱ्यावर ईश्वराची अक्षरे वाचता येतात. त्यांच्या पंथाला 'हुरूफी' म्हणतात. आलिमांना हे मत धर्माविरुद्ध वाटले. १३९४ मध्ये तैमूरचा मुलगा मीरानशाह याने फजलुल्लाहांना ठार केले. पुढे त्यांचे अनुयायी, कवी नसीमी, यांनाही अलेप्पो शहरात देहदंड झाला.

तुर्कस्तानातील बुर्सा शहरात चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली मोठी मशीद आहे. तिच्या भिंतींवर माणसाहून उंच अक्षरे रंगवलेली आहेत. त्यांत वाव फार देखणा दिसतो. तुर्की लोक म्हणतात, अलिफ हा ईश्वर आणि वाव हा त्याच्यापुढे झुकलेला बंदा. आईच्या पोटातील बाळही वावसारखेच वाकलेले असते, नाही का?

तुर्की कातिब पुष्कळदा समोरासमोर दोन वाव काढतात. वावची किंमत ६. म्हणून दोन वाव शेजारी आले की ६६ होतात. आता वही घ्या आणि 'अल्लाह' या नावाची बेरीज करा : अलिफ १, लाम ३०, पुन्हा लाम ३०, हे ५.