होकायंत्राची साक्ष

यंत्राचा अपघात झाला म्हणजे त्याचे कारण ताबडतोब सांगून मोकळे होण्याकडे माणसाचा कल असतो. ड्रोन या नावाने आता सर्वपरिचित झालेल्या लहान मानवरहित विमानाच्या बाबतीत हे तयार उत्तर बहुधा एकच असते : होकायंत्राने दगा दिला. मग अंशशोधन, म्हणजे होकायंत्राच्या वाचनातील चूक मोजून ती वजा करण्याची क्रिया, पुन्हा एकदा उरकली जाते आणि ड्रोन परत आकाशात सोडला जातो. निदान चुकलेले असेल, तर दुसऱ्या वेळी तो भिंतीवर आदळेल की एखाद्या पादचाऱ्यावर, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून होकायंत्राची साक्ष कितपत ग्राह्य धरावी आणि ती कशी पारखावी, याचा विचार या प्रकरणात करू.

मुंबईच्या ट्रॅम आणि अलिबागची वेधशाळा

होकायंत्र उत्तर दिशा दाखवते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते आपल्या जागी असलेल्या एकूण चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते. त्या क्षेत्रात पृथ्वीचा वाटा किती आणि शेजारच्या लोखंडाचा किंवा विद्युत्प्रवाहाचा किती, हे त्याला कळत नाही.

या गोष्टीचे एक उत्तम उदाहरण मुंबईत घडले. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती. शहरातील घोड्यांच्या ट्रॅम विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा या मोजमापांना धोका निर्माण झाला. ट्रॅमचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे एकदिश होता आणि त्यामुळे उत्पन्न होणारे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळणार होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळात अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात अचुंबकीय पदार्थच वापरण्याची दक्षता घेतली गेली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्रॅम धावू लागली, तोपर्यंत मोजमापाचे काम सुरक्षित स्थळी गेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वेधशाळेच्या उपकरणांचे पुन्हा अंशशोधन करून भागले नसते. ट्रॅमगणिक बदलत जाणारी चूक एकदा मोजून कायमची वजा करता येत नाही. जागा बदलणे हाच उपाय होता.

गच्चीवरील अंशशोधन

आता रायपूरमधील गुढियारीची कल्पना करू. रेल्वे स्थानकाच्या बाजूची ही दाट वस्ती. येथे मोकळे मैदान जवळ नसल्यास ड्रोन उडविणारा साहजिकच घराच्या गच्चीवर जाईल. तेथे ड्रोन हातात धरून सर्व बाजूंनी फिरवील, अंशशोधन पूर्ण झाल्याची खूण मिळाली की तो खाली ठेवील आणि उडवील.

ड्रोन असा का फिरवावयाचा? त्यातील चुंबकमापक तीन परस्परलंब दिशांनी क्षेत्र मोजतो. क्षेत्र निर्मळ असेल, तर फिरविताना मिळणारी सर्व वाचने एका गोलाच्या पृष्ठभागावर बसतात आणि त्या गोलाचे केंद्र शून्यावर असते. ड्रोनमध्येच एखादे चुंबकित लोखंड असल्यास केंद्र सरकते. स्वतः चुंबक नसलेले, परंतु पृथ्वीच्या क्षेत्राला वाकविणारे मृदू लोखंड असल्यास गोल लांबट होतो. केंद्र परत शून्यावर आणणे आणि लांबट आकार पुन्हा गोल करणे, म्हणजेच अंशशोधन.

यावरून त्याची मर्यादाही स्पष्ट होते. जे लोखंड ड्रोनबरोबर फिरते, त्याचीच चूक या रीतीने काढता येते. गच्चीच्या स्लॅबमधील सळया ड्रोनबरोबर फिरत नाहीत. त्यांच्यामुळे वाचने विस्कटतात, आणि गणित मात्र या विस्कटलेल्या वाचनांतूनच एक खोटा गोल जुळवून घेते. ड्रोन दहा मीटर वर गेला की सळयांचा प्रभाव नाहीसा होतो, पण त्यांच्यासाठी केलेली वजाबाकी तशीच राहते. अशा प्रसंगी अंशशोधन राहून गेल्यामुळे नव्हे, तर ते केल्यामुळेच अपघात होतो.

किती अंशांची चूक पडेल? रायपूरच्या परिसरात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३९,००० नॅनोटेस्ला आहे. त्याला काटकोनात ७,००० नॅनोटेस्लाची चूक मिसळली, तर दिशा सुमारे दहा अंशांनी चुकते. एवढ्याने ड्रोन लगेच कोसळत नाही, परंतु त्याचे वर्तन बदलते. वाऱ्याने तो पूर्वेकडे ढकलला गेला, तर उपग्रहांवरून स्थान ओळखून तो पश्चिमेकडे परतू पाहतो. पण त्याची पश्चिमच तिरपी असल्याने तो बाजूला जातो. मग पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तिरपी वाट. चूक वाढत गेली आणि तीत नियंत्रणाचा विलंब मिसळला, म्हणजे या वाटेचे वर्तुळ बनते व ते प्रत्येक फेरीस मोठे होते. शेवटी जे आडवे येते त्यावर ड्रोन आदळतो.

रुळावरची तार आणि ड्रोनमधली तार

गुढियारीत अपघात झाला, तर कोणीही प्रथम रेल्वेच्या विजेच्या तारेकडे बोट दाखवील. पण ही तार मुंबईच्या ट्रॅमसारखी नाही. तिच्यातील प्रवाह प्रत्यावर्ती असून तो सेकंदाला पन्नास आवर्तने करतो. त्याचे क्षेत्र सतत उलटसुलट होत असल्याने त्याची सरासरी जवळजवळ शून्य येते, आणि दिशा ठरविताना ड्रोन बहुतांशी सरासरीच विचारात घेतो. रूळ, खांब आणि वाघिणी यांचे लोखंड अगदी जवळून गेल्यास बाधते, दूरवरून नाही.

याउलट खरा अपराधी बरेचदा ड्रोनच्या पोटातच असतो. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेतून वीस अँपिअरचा एकदिश प्रवाह वाहत असेल आणि चुंबकमापक तिच्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर त्या एकट्या तारेचे क्षेत्र ८०,००० नॅनोटेस्ला भरते. पृथ्वीच्या आडव्या घटकाच्या हे दुप्पट झाले! जाणारी आणि येणारी तार एकमेकींना पीळ घालून बसविली, तर त्यांची क्षेत्रे परस्परांना खोडतात. चुंबकमापक उंच दांडीवर दूर बसविण्याचे कारणही हेच. जमिनीवर मोटारी बंद असताना केलेले अंशशोधन या चुकीला स्पर्शही करीत नाही.

साक्षी-पुरावा

ड्रोनच्या स्मृतीत उड्डाणाची नोंद राहते. ती वाचताना पुढील क्रम ठेवावा.

पहिला प्रश्न : मागितलेला कल आणि प्रत्यक्ष कल एकमेकांशी जुळतात काय? एका क्षणी त्यांची फारकत झाली असेल आणि एका मोटारीला पूर्ण वेगाचा आदेश जात असेल, तर ती मोटार किंवा तिचा पंखा निकामी झाला आहे. होकायंत्र येथे निर्दोष ठरते.

दुसरा प्रश्न : नोंद हवेतच अकस्मात तुटते काय? तसे असल्यास बॅटरी व तिचे सांधे तपासावेत.

तिसरा प्रश्न : होकायंत्र आणि गतिदर्शक घूर्णमापक एकच गोष्ट सांगतात काय? ड्रोन चाळीस अंश वळला असे होकायंत्र म्हणते आणि घूर्णमापकाला काहीच वळण जाणवलेले नाही, तर होकायंत्राची साक्ष खोटी.

चौथा प्रश्न : क्षेत्राची एकूण तीव्रता कशाबरोबर बदलते? मोटारींच्या जोराबरोबर चढउतार होत असेल, तर दोष तारांचा. उंची वाढताच बदल होत असेल, तर दोष उड्डाणस्थळाच्या लोखंडाचा. काहीही न बदलता दिशा सतत सारखीच चुकत असेल, तर चुंबकमापक आडवातिडवा बसविला आहे काय, हे पाहावे.

एक जुना धडा

१८५४ साली टेलर हे लोखंडी जहाज लिव्हरपूलहून ऑस्ट्रेलियाकडे पहिल्याच सफरीवर निघाले आणि डब्लिनजवळच्या लॅम्बे बेटावर फुटले. तीनशेहून अधिक माणसे बुडाली. त्यावरील होकायंत्रे एकमेकांशी जुळत नव्हती, हे खरेच. परंतु नव्या दोरखंडांमुळे शिडे आवरत नव्हती, हेही तितकेच खरे. लोखंडी जहाजातील होकायंत्राची चूक चुंबक व लोखंड लावून काढण्याची रीत जॉर्ज एअरी यांनी १८३८ मध्येच दाखविली होती. रीत ठाऊक असणे पुरेसे नव्हते. दोन होकायंत्रे भिन्न दिशा दाखवू लागली, तेव्हा थांबून कारण शोधण्याची आवश्यकता होती.

गुढियारीच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसापुढेही हाच प्रसंग असतो. त्याच्या हातातील यंत्र दोन किलोचे असेल, पण खाली गल्लीत मुले खेळत असतात. अपघाताचे कारण नोंदीतून सिद्ध होईपर्यंत त्याने ड्रोन जमिनीवरच ठेवावा; आणि अंशशोधन करावयाचेच असेल, तर सळया, वाहने आणि खिशातील किल्ल्या यांपासून दूर, मोकळ्या मातीवर जाऊन करावे.